उतरायचं ठिकाण

शेअर बाजारात ऑप्शन घेताना ‘का घेतोस’ असं मास्तर कुणालाच विचारत नसत. ‘कोठे उतरनं शे?’ एवढंच विचारत. सारी नोकरी सटाणा-नाशिक रस्त्यावर एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली; ‘मास्तर’ हे नाव तिथलंच. निवृत्तीनंतर सातपूरला राहायला आले तरी बागलाणची बोली आणि तो प्रश्न, दोन्ही त्यांना सोडवत नव्हते. उतरायचं ठिकाण सांगितल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला तिकीट फाडून दिलं नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय माझ्या गाळ्यात कुणाला ऑप्शनही घेऊ देत नसत.

सातपूरच्या कारखान्यांच्या गल्लीत माझा लेथचा छोटा गाळा आहे. सकाळी बाजार उघडायच्या सुमारास तिथं आम्ही तिघं जमायचो. मी, सेकंड शिफ्टला जाणारा फिटर दीपक आणि मास्तर. पत्नी वारल्यापासून मास्तरांना घरात बसवत नव्हतं. शटरजवळचं स्टूल त्यांचं. मला ते ‘शेठ’ म्हणत. एक लेथ आणि एक ड्रिल असलेल्या माणसाला शेठ म्हणणारे जगात ते एकटेच, त्यामुळे मीही ऐकून घ्यायचो. मध्येच मशिनकडे बघून म्हणायचे, “शेठ, आज लेथचा आवाज नाय?” मी म्हणायचो, “लावतो, जरा भाव बघून लावतो.”

भाव वाढेल वाटलं तर कॉल घ्यायचा, पडेल वाटलं तर पुट, इतकं दीपक व्हिडिओ बघून शिकला होता. मास्तरांचं शिकवणं तिथून पुढं सुरू व्हायचं. “शेअर म्हणजे आपली सायकल. दामटा नाहीतर भिंतीला लावून ठेवा. ऑप्शन म्हणजे तिकीट. तारीख गेली की कागद.” घेण्याआधी तीन गोष्टी बोलायच्या. नफ्यात कुठं विकणार, तोट्यात कुठं विकणार, आणि यातलं काहीच झालं नाही तर कोणत्या वारी विकणार. तिसरी सगळेच विसरायचे. शेअर जागचा हलला नाही तरी ऑप्शनची किंमत रोज थोडी झिजते, हे दीपकच्या डोक्यात काही केल्या शिरेना. तेव्हा मास्तर म्हणाले, “अरे, ही एसटी नाय, रिक्षा हाय. उभी राहिली तरी मीटर पडतं.”

हे सगळं मोठ्यानं बोलायचं, असा त्यांचा दंडक. दीपक लाजायचा. मनात ठरवलंय म्हणायचा. “मनातलं ठिकाण सरकतं,” मास्तर म्हणायचे. “पिंपळगावचं तिकीट काढलेला माणूस झोपून जातो, अन् जागा झाला की म्हणतो, मला नाशिकलाच जायचं होतं. झोप लागली म्हणून कोणी कबूल करत नाय.” असे किती प्रवासी त्यांनी पाहिले असतील कोण जाणे. तोटा वाढला की आम्हीही अगदी तेच म्हणायचो.

एकदा दीपकनं कुणाच्या तरी सांगण्यावरून कुठल्याशा आडवळणाच्या कंपनीचा कॉल घेतला. दोन दिवसांनी विकायला गेला तर समोर घेणाराच नाही. जो होता तो पडेल भावानं मागत होता. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला. “चढताना कोणी अडवत नाय. उतरायला दार हाय का ते आधी बघावं माणसानं,” म्हणाले आणि मग तासभर त्याच्याजवळ बसून भाव थोडाथोडा कमी करत त्याला त्यातून बाहेर काढलं. ‘बाजारभावात विक’ असं एकदाही म्हणाले नाहीत. आपण भाव लावायचा आणि थांबायचं. ऑप्शनची मुदत संपायच्या आठवड्यात तर ते आम्हाला काही धरूनच ठेवू देत नसत. नफ्यातला कॉल तसाच राहिला तर शेवटी सगळे शेअर पदरात घ्यावे लागतात, आणि आमचे पदर केवढे ते त्यांना माहीत होतं.

मास्तर बाजारातले कुणी मोठे खेळाडू होते, असा समज नको. त्यांच्याही हातात फारसं काही उरत नसे. दीपकनं एकदा चेष्टेनं विचारलं, “मास्तर, सगळ्यांना विचारता. तुमचं स्वतःचं कुठं उतरायचं?” मास्तर चहा संपवून म्हणाले, “ज्या दिवशी चूक बाजाराची नसंल, माझ्या बोटाची असंल, त्या दिवशी.” आम्ही हसलो.

मग तो दिवस आला. मास्तरांनी एका कंपनीचा पंधराशेचा, म्हणजे शेअर पंधराशेच्या वर जाईल या हिशेबाचा, कॉल घेतला होता. ठरवलेला तोटा आला तसं त्यांनी विकायचं बटण दाबलं, “उतरलो” म्हणाले आणि फोन खिशात टाकला. दुपारी डबा खाताना सहज बघितलं तर पंधराशेचा कॉल तसाच होता. बोट खालच्या ओळीवर पडलं होतं. हातात नसलेला, पंधराशे चाळीसचा कॉल विकला गेला होता. म्हणजे जुन्यातून सुटका नाही आणि नव्याची जोखीम गळ्यात; शेअर चढेल तसा विकलेल्यात तोटा. आणि गंमत अशी की मधल्या वेळात शेअर उसळला होता. विकलेल्यात गेलं त्याहून जास्त जुन्यात आलं. तोट्याचा दिवस चक्क नफ्याचा झाला.

दीपक टाळ्या पिटायला लागला. “मास्तर, नशीब काढलंत! पेढे आणतो!”

मास्तरांचा चेहरा मात्र उतरला होता. आधी त्यांनी विकलेला कॉल परत घेतला. “उघडी जोखीम पहिली मिटवायची,” हे सांगायला त्याही वेळी विसरले नाहीत. मग जुना विकला. प्रत्येक वेळी मला ओळ वाचायला लावली. नंतर फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, “शेठ, हे ॲप काढून टाका. मला दिसत नाय.” दीपक म्हणाला, “अहो, फायदा झालाय! डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, झालं!” मास्तर म्हणाले, “डोळ्यांचं करीन. पण ठिकाण आलं ना, भाऊ.” मी ॲप काढून टाकलं. मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात ते मुलीकडे सटाण्याला निघाले. मी स्टँडवर सोडायला गेलो. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला, मास्तरांनी आपणहून “सटाणा” म्हटलं आणि तिकीट वरच्या खिशात जपून ठेवलं. मग खिडकीतून माझ्या हातातल्या फोनकडे बघत म्हणाले, “शेठ, तुमचं राहिलं.”

“काय राहिलं?” मी म्हणालो. “आजचा पुट ना? दोन रुपये खाली गेला की...”

“आजचं नाय विचारत मी. कोठे उतरनं शे?”

मी “फोनवर सांगतो” म्हणालो. गाडी निघाली.

मास्तरांचा फोन येतो. ऑपरेशन चांगलं झालं, नातू कसा आहे, हे सांगतात. दीपक आता ओव्हरटाइम करतो, येत नाही. या रोजच्या भाव बघण्यानं मी फार दमलोय, आणि हे माझ्याआधी मास्तरांच्या लक्षात आलं होतं, असं हल्ली वाटतं. त्यांनी परत विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही. रोज सकाळी शटर उघडतो, त्यांचं स्टूल दाराशी ठेवतो आणि फोन घेऊन बसतो. लेथ दुपारनंतर सुरू होतो.