अठ्ठेचाळीसवर राहिलेला काटा

बस उणकलच्या तळ्यापाशी आली तेव्हा मी पर्समधून त्या दिवसाची यादी काढली. मागच्या कोऱ्या बाजूवर भाजी लिहून काढायची होती. यादीवर नजर गेली. सगळ्या खुणा निळ्या होत्या.

माझी पद्धत अशी: प्रयोगशाळेत टेबलाला दोरीनं लाल पेन बांधलेलं असे. काम झालं की त्याच पेनानं यादीवर खूण करायची. निळं पेन घरचं. म्हणजे या खुणा मी सकाळी घरीच, चहा पिता पिता करून टाकल्या होत्या. शनिवार, अर्धा दिवस, कामं ठरलेली, होणारच आहेत, या भरात. यादीत तिसरं काम होतं: काटा अठ्ठेचाळीसवरून अठ्ठावीसवर आणणे. ते केल्याचं मला आठवेना. कितीही आठवलं तरी हात काट्यापर्यंत गेलेला दिसेना.

“थांबवा!” मी ओरडले.

“तिकीट हुबळीचं आहे की, बाई,” कंडक्टर म्हणाला. “तळ्यात उडी मारायचीय का काय?”

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी राहायला जुन्या हुबळीत आणि नोकरीला सप्तापुराजवळच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस. तिथं एक कपाटाएवढी पेटी होती. आत दिवे, हीटर आणि तापमान ठरवायचा काटा. त्या पेटीत भाताच्या रोपांचे दोन ट्रे होते. बियाणं अळणावरकडच्या एका शेतकरी बाईंचं. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्यांच्या घराचं छप्पर गळून लाल भाताचं सगळं बी बुरसलं होतं, वाचलं ते मूठभर. तसलं भात आजूबाजूला आता कुणाकडंच नव्हतं. आमचे सर त्या भागात फिरत असताना अक्कांनी ती मूठ त्यांच्या हातात दिली. “तुमच्याकडं यंत्रं आहेत, तुम्ही वाढवून द्या.”

सरांनी निम्मी रोपं निव्वळ बियाण्यासाठी ठेवली. त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या निम्म्यांना तीन दिवस रोज दोन तास चाळीस अंशांची ऊब द्यायची, मग सोमवारी ती अठ्ठेचाळीसला टिकतात का ते पाहायचं. सर सांगायचे, रोपाला ऊन लागलं म्हणून ते सावलीत पळू शकत नाही. फार तापलं की त्याच्यातली प्रथिनं दूध नासावं तशी नासतात. पण आधी थोडीशी झळ बसली, तर ते घाईघाईनं राखणदार प्रथिनं तयार करतं. ती बाकीच्यांना धरून ठेवतात, गोळा होऊ देत नाहीत. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. खरं वाटलं होतं असं नाही.

तीन दिवसांची ऊब शुक्रवारी देऊन झाली. शनिवारी सकाळी दोन्ही ट्रे बाहेर काढून मी रिकामी पेटी अठ्ठेचाळीसपर्यंत तापते का ते पाहत होते. तेवढ्यात करंट गेला. रोजचंच होतं. तासाभरात पेटी गार झाली. आतला दिवा बंद, काटा अंधारात. मी ट्रे आत ठेवले, कुलूप लावलं, यादी उचलली. ती पूर्ण झालेली दिसत होती.

परतीच्या बसमध्ये मी एकच हिशेब करत होते: करंट आला असेल की नसेल? नवलूरला एका पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकू आला आणि मला रडू यायला लागलं.

“करंट कधी आला?” मी फाटकातच वॉचमनना विचारलं.

“तुम्ही गेल्या आणि आला बघा, मॅडम. तुमच्यावर रागावला असेल!”

म्हणजे दीड तास. मी धावत जाऊन कुलूप काढलं. पेटीचं दार उघडताच तोंडावर वाफ आली. दोन्ही ट्रेमधली रोपं ओल्या केसांसारखी आडवी पडली होती. मी काटा खाली आणला, दार सताड उघडं ठेवलं आणि तिथंच फरशीवर बसले. मग सरांच्या घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “अक्कांना तुम्हीच सांगायचं.”

निरोप पाठवला तशा बुधवारी अक्का अळणावरच्या गाडीनं आल्या. तोवर बियाण्याचा, आम्ही जपलेला ट्रे गवताच्या काडीसारखा पिवळा झाला होता. दुसऱ्या ट्रेची पानंही टोकांपासून जळलेली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पेन, खुणा, करंट.

अक्का माझ्याकडं बघतच नव्हत्या. पदर खोचून त्या ट्रेशी वाकल्या आणि एकेका रोपाच्या बुडाशी नख दाबत गेल्या. पिवळा ट्रे त्यांनी बाजूला सारला. दुसऱ्यात त्यांचं नख थांबलं. जळक्या पानांच्या मधून सुईएवढं हिरवं टोक वर आलं होतं. मग आणखी एक. एकूण अकरा.

“ही कुठली?”

“ही... रोज थोडी तापवलेली.”

“आणि ही मेलेली?”

“ती जपून ठेवलेली.”

“मग सगळ्यांनाच जरा तापवायचं होतं की, बाई!” त्या म्हणाल्या. हसल्या की नाही, मला कळलं नाही. त्यांनी ओलं पोतं मागितलं, अकरा रोपं मातीसकट त्यात गुंडाळली आणि गाडीच्या वेळेला निघाल्या. विहिरीच्या कडेला लावणार होत्या. सरांनी दोन ठेवून घ्यायचा विषय काढला, तो त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला.

त्यानंतर पाचेक महिने अळणावरकडचं कुणी भेटलं की मी दुसरंच काहीतरी बोलायचे. विचारायचा धीर व्हायचा नाही. दसऱ्याच्या आधी अक्का स्वतःच आल्या. कनवटीची पुरचुंडी सोडून त्यांनी एक लोंबी माझ्या तळहातावर ठेवली. लालसर, भरलेली. मी ती नीट बघेपर्यंत त्यांनी ती परत उचलली आणि गाठ मारली.

“दाखवायला आणली होती,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडं ठेवायला नव्हं.”