चांदणी लागलेले सभासद

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या आमच्या आंबा बागायतदारांच्या संस्थेत कॉम्प्युटर आला आणि तीन महिन्यांच्या कोर्सच्या जोरावर मी त्याच्यासमोर बसले. चेअरमन पहिल्याच दिवशी म्हणाले, "एक चूक झाली, की ही पेटीही परत आणि तूही घरी."

पहिलं काम सोपं होतं. वार्षिक सभेआधी यादीतून मयत सभासद काढायचे. हेडक्लार्कांनी रजिस्टरात गेलेल्यांच्या नावामागे 'कै.' लावलेलं, मी ते तसंच इंग्रजी अक्षरांत चढवलं होतं. मग एकेक कशाला शोधत बसा? 'नावाला कै असेल ते डिलीट' अशी एका ओळीची आज्ञा ठोकून दिली. डिलीट केलं म्हणजे नाव लगेच जात नाही. त्याच्यापुढे एक चांदणी लागते आणि ते छापलं जात नाही, इतकंच. कायमचं घालवायला 'पॅक' म्हणावं लागतं. ते उद्यावर टाकून मी यादी फळ्यावर लावली आणि ऐटीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने कामासाठी आलेले वेळणेश्वरचे एक आजोबा फळ्यावरची यादी वाचून माझ्यापुढे हजर.

"बाय, मी मेलो कधी, ता तरी सांग. घरात कुनी रडलां पन नाय!"

आजोबांचं नाव कैलास. यंत्र आपण दिलेल्या अक्षरांपुरतंच बघतं, पुढचं वाचायचे कष्ट घेत नाही. त्यात वेळणेश्वर महादेवाचं गाव, तिथे घरटी एक कैलास! एका ओळीत मी अर्धं गाव वर पाठवलं होतं.

पॅक केलं नव्हतं, हे नशीब. 'नावाला कैलास असेल ते रिकॉल' म्हटलं आणि आजोबा परत आले. नवी यादी चेअरमनांपुढे ठेवली. त्यांचं बोट एका नावावर थांबलं.

"हे माझे वडील."

हेडक्लार्कांनी बाकीच्यांना 'कै.'वर भागवलं होतं. संस्थापकांना, म्हणजे चेअरमनांच्या वडिलांना, मात्र मान म्हणून अख्खं 'कैलासवासी' लिहिलं होतं. आजोबांबरोबर तेही उठून बसले होते. आता नोकरी गेलीच, म्हणून मला रडू फुटलं.

"पुसते साहेब, आत्ता पुसते."

त्यांनी मान वर केली नाही. "पुसलं की कायमचं जातं?"

"नाही. नुसती चांदणी लागते. पॅक केलं तरच जातं."

"मग चांदणी लाव," ते म्हणाले. "पॅक नको. आणि उद्या वेळेवर ये."