दामले काकांची गॅलरी

सोसायटी जुनी झाली की टाकीत गाळ साठतो आणि कमिटीकडे किस्से. गाळ वर्षातून एकदा उपसता येतो, किस्से मात्र राहतात. आमच्याकडचे बरेचसे एकाच प्लॉटचे आहेत. हिंजवडीत आयटी आलं आणि आमच्या बाणेरच्या बारा बंगल्यांशेजारी, मोकळ्या जमिनीवर, चार टॉवर येणार असं कळलं.

हरकती लिहायला मीटिंग भरली. कुणी पाणी म्हणालं, कुणी ड्रेनेज. एकटे राहणारे दामले काका म्हणाले, "इतकी घरं म्हणजे इतक्या खिडक्या! मी सकाळी गॅलरीत बनियनवर चहा पितो. आता काय शर्ट घालून बसू?"

"काका, पडदा लावा की."

"मी का लावू? मी आधीपासून आहे!"

काकांची हरकत लिहून घेतली. सगळे हसले, पण ती गॅलरी म्हणजे काकांचा अर्धा दिवस होता, हे मला ठाऊक होतं.

* * *

बिल्डरच्या ऑफिसात टॉवरचं मॉडेल होतं. टायवाला पोरगा उत्साहानं दाखवत होता. काकांनी चष्मा लावून विचारलं, "ह्यात माझं घर कुठंय?"

"सर, ते मॉडेलच्या बाहेर येतं."

"म्हणजे मी टेबलावरून खाली पडलो!"

* * *

रस्ता बघायला महापालिकेचे साहेब येणार होते. तो अरुंद दिसावा म्हणून आम्ही झाडून सगळ्या गाड्या बाहेर काढून लावल्या. साहेबांची जीप आत येईना. ते घाम पुसत चालत आले.

"रस्ता अरुंद आहे, मान्य. बारा बंगल्यांना एवढ्या गाड्या कशाला लागतात, तेही लिहू का?"

पाच मिनिटांत रस्ता मोकळा!

* * *

टॉवर झालेच. काकांनी गॅलरीत पाटी लावली : 'इकडे बघण्यासारखे काही नाही.'

समोर चौथ्या मजल्यावर नागपूरची प्रज्ञा राहायची. आयटीत नाइट शिफ्ट करायची, सकाळी घरी येऊन खिडकीत चहा प्यायची. एकदा वाण्याकडे भेटली तेव्हा मला म्हणाली, "पाटी वाचायला बघावंच लागते ना, काकू!"

* * *

एका सकाळी तीच धावत माझ्या दारात आली. "काकू, समोरचे काका आज गॅलरीत आलेच नाही. बेल वाजवली, उघडून नाही राहिले."

काकांची जादा किल्ली आमच्याकडे असते. दार उघडलं तर काका बाथरूममध्ये पडलेले. पहाटेपासून हाका मारत होते. आमचे बंगले जुळे, भिंतीला भिंत लागून, पण मिक्सर, टीव्ही, कुकर... आम्हाला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. प्रज्ञानंच अँब्युलन्स बोलावली.

स्ट्रेचरवर घेतल्यावर काकांनी तिच्याकडे पाहिलं. "तू कोण?"

"समोरची, काका. चौथा मजला."

काकांनी चादर बनियनवरून गळ्यापर्यंत ओढली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा! मी हरकतीत लिहिलं होतं की नाही, तिथून सगळं दिसणार म्हणून!"