लांबलेला नमस्कार
गुडघ्याला चोळायच्या बामाचा वास आला की मला राइट टाउनमधल्या माझ्या थोरल्या बहिणीचे पाय आठवतात. तिच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत बसून बासुंदी पातळ झाली म्हणालो होतो आणि तेव्हापासून चार वर्षं ताई माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या बायपासनंतरच्या पहिल्या दसऱ्याला बायकोने मला ओढतच तिच्याकडे नेलं. आपट्याची पानं हातावर ठेवायची, वरवर वाकायचं आणि निघायचं, असं मी ठरवलं होतं. पण ब्लडप्रेशरच्या नव्या गोळीने वाकून उठताना चक्कर यायची, हे मी साफ विसरलो. उठायला गेलो तर फरशी गरगर फिरू लागली, म्हणून मी पुन्हा खाली वाकून ताईचे दोन्ही पाय घट्ट धरले. कपाळावरचा घाम तिच्या पावलांवर टपकला. "रडून काहून राहिला रे? उठ आता," असं म्हणत ताई स्वतःच रडू लागली. "चलो भैया, माफ केलं तिनं," जिजाजींनी जाहीर करून टाकलं. खरं कारण ठाऊक असलेली माझी बायको मान खाली घालून चिवडा खात राहिली. पुढे डॉक्टरांनी गोळी बदलली आणि चक्कर थांबली. तरी दर दसऱ्याला ताईच्या पायांशी मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजतो. यंदा घाईत पाचावरच उठलो, तर ती म्हणाली, "अच्छा, चक्कर बंद झाली वाटते तुझी."