दुभाष्याची बढती

पावाच्या कारखान्यात भट्टी सांभाळणाऱ्या बाईंना एक फुकटचा दुभाष्या मिळाला होता. बाई आणि मालक एकच भाषा बोलत, तरी मध्ये हा हवाच. हा म्हणजे पॅकिंगचे साहेब. नाव ठेवलं होतं पॅकिंगच्याच पोरींनी.

दर सोमवारी मालकांच्या खोलीत बैठक असे. बाई बोलायला लागल्या की मालक मोबाइल चाळायचे. मग दुभाष्या घसा खाकरायचा, "बाईंना असं म्हणायचंय," म्हणायचा आणि बाईंचंच वाक्य जाड आवाजात पुढे सरकवायचा. लगेच मालकांची मान डोलायची. तो बोलला की मुद्दा आणि बाई बोलल्या की चऱ्हाट! हे बाईंनी घरी सांगितलं, तर नवऱ्याने टीव्हीवरची नजर न काढता "म्हणजे तुला असं म्हणायचंय" अशीच सुरुवात केली. बाई उठून भांडी घासायला गेल्या.

पुढे व्यवस्थापक निवृत्त झाले. खुर्चीसाठी नावं दोनच, बाईंचं आणि दुभाष्याचं. बाईंना ती खुर्ची हवी होती, अगदी मनापासून. भट्टीपाशी हात पोळून घेण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यातच पाव मधोमध बसायला लागले, दुकानदार माल परत पाठवू लागले. खुर्चीचं काय ते सोमवारी ठरवू, असं मालकांनी सांगितलं.

पाव बसण्याचं कारण बाईंना ठाऊक होतं. मालाची गाडी लवकर भरायच्या घाईत दुभाष्या पाव पुरते भाजूच देत नव्हता, आधीच भट्टीतून काढायला लावायचा. पण या वेळी आधी त्याला बोलू द्यायचं, मग आपण, असं त्यांनी ठरवलं. एकदा कळू दे सगळ्यांना, याच्या डोक्यात स्वतःचं काय आहे ते.

"पाव का बसतोय?" मालकांनी विचारलं.

बाई गप्प. दुभाष्याने त्यांच्याकडे आशेने पाहिलं. घसा तयार होता, पण माल कुठून आणणार? शेवटी त्याने हनुवटीला हात लावला आणि गंभीरपणे खिडकीबाहेर बघत बसला. बाईंना आतून गुदगुल्या होत होत्या.

बराच वेळ वाट पाहून मालकांनी बैठक आटोपली आणि निकाल दिला. खुर्ची दुभाष्याला.

"त्यांना पोच आहे. विचार केल्याशिवाय तोंड उघडत नाहीत," मालक म्हणाले. "आणि बाई, तुम्ही अशा फुरंगटून बसलात तर कसं चालायचं?"

दुसऱ्या दिवशी नवे व्यवस्थापक भट्टीपाशी आले आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच विचारू लागले, पाव नेमका का बसतोय.

बाईंनी हनुवटीला हात लावला आणि गंभीरपणे खिडकीबाहेर बघत राहिल्या.