खणखणीत की बद्द

चंद्रभान मिस्त्रीचं गॅरेज वलगाव रोडवर, माझ्या फोटो फ्रेमच्या दुकानासमोर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्या कडुनिंबाखाली जाऊन बसतो. उन्हात रस्ता हलल्यासारखा दिसतो आणि चंद्रभान हातातला पाना तसाच धरून कुठेतरी हरवलेला असतो. वर्षभरापासून त्याच्या कानात घुंगरू वाजतात. लहानपणी नांदगाव खंडेश्वरला मामाच्या बैलांच्या गळ्यात होते, अगदी तसेच, असं तो सांगतो. डॉक्टरला दाखव म्हटलं की हसतो. "राहू दे ना भाऊ. वाईट का वाजून राह्यले? मले झोप मस्त लागते." मला रागावायला एरवी निमित्त लागत नाही, पण या माणसावर रागावताच येत नाही.

क्लचच्या कामात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नाही. क्लच बदलायला गाडी खोलली की इंजिनाला लागून असलेलं जड बिडाचं चाक उघडं पडतं. त्याला फ्लायव्हील म्हणतात. ते बदलायचं की तेच ठेवायचं, हा खरा प्रश्न. बाकीचे मिस्त्री सरळ नवं सांगून मोकळे होतात. चंद्रभान चाक दोरीनं फांदीला टांगतो, पान्यानं एक टोला देतो आणि डोळे मिटतो. खणखणीत वाजलं तर चाक चांगलं. बद्द वाजलं तर त्याला तडा गेलाय, वेगात फुटेल, नवं बसवा. चाळीस वर्षांत त्याचा कान चुकला नाही, असं सगळे सांगतात. मीही सांगायचो.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी चांदूर बाजारच्या जयवंताबाई आल्या. घरी मोगऱ्याची शेती. त्यांचा मुलगा रोहित कारमधून पर्यटकांना चिखलदऱ्याला नेतो, आणि घाटातच त्याचा क्लच जळला होता. रोहित क्लच प्लेट आणायला बाजारात गेला. बाई पितरांसाठी घेतलेली नवी मातीची घागर मांडीवर घेऊन सावलीत बसल्या. बसल्या बसल्या घागरीवर बोटाचं पेर वाजवत होत्या. पितरांना फुटकी घागर चालत नाही.

चंद्रभाननं चाक टांगलं, टोला दिला, डोळे मिटले. चेहऱ्यावर तेच सुख.

"खणखणीत! हेच बसवतो."

"काहून भाऊ?" बाई म्हणाल्या. "हे तं बद्द वाजलं."

"बाई, घागर वायली अन् चाक वायलं."

त्यानं पुन्हा टोला दिला. मलाही बद्दच ऐकू आलं. खरं सांगायचं तर चार दिवसांपूर्वी आमच्या ओळखीच्या नितेशच्या गाडीचं चाक चंद्रभाननं खणखणीत म्हणून परत बसवलं, तेही मला बद्दच वाटलं होतं. पण चंद्रभानला कोण शिकवणार, म्हणून मी चहा पीत गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

मी म्हणालो, "चंद्रभान, बद्दच आहे."

त्यानं बाईंची घागर मागून घेतली, वाजवली, मान डोलावली. मग झाडाच्या बुंध्याशी गेला. तिथे पाखरांच्या पाण्यासाठी अर्धा फुटलेला माठ ठेवलेला असतो. त्यानं तो वाजवला. थांबला. पुन्हा वाजवला.

"हाही खणखणीत लागून राह्यला मले," तो हळूच म्हणाला.

मग त्यानं कितीतरी वर्षांत न केलेलं काम केलं. चाकाला रॉकेल चोपडलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी पसरली. आम्ही तिघंही वाकून पाहत होतो. थोड्या वेळानं तड्यात शिरलेलं रॉकेल वर झिरपलं, पांढऱ्या भुकटीत केसासारखी एक काळी रेघ उमटली आणि हळूहळू कडेपर्यंत गेली.

"नवं टाका," तो बाईंना म्हणाला. "अन् नवं आलं का तुमीच वाजवून घ्या. माह्या भरवशावर राहू नका."

लगेच त्यानं नितेशला फोन लावला. नितेश, त्याची बायको आरती आणि पोरगी सकाळीच चिखलदऱ्याला पोचले होते. जेवून घाट उतरणार होते.

"गाडी चालू करू नको," चंद्रभान ओरडला. "माहं चुकलं बाप्पा. तुह्या चाकाचं मले बराबर समजलं नाही. गाडी तिथंच ठेव, मी येतो. काय? मोठ्यानं बोल… बरं, किल्ली आरतीजवळ दे, म्हंजे तू चालू करणार नाही."

फोन ठेवून त्यानं दोन्ही कानांवर तळवे दाबले. वर्षभर ज्यांच्या तालावर तो झोपला, ते घुंगरू आत वाजतच असणार.

"बंद होत नाही रे हे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यानं आपल्या गाडीत हत्यारं टाकली, खडूची भुकटी घेतली. मी माझ्या दुकानाचं शटर ओढलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. चाक वाजवायला तो होता. ऐकायला कोणीतरी लागणार होतं.