कमानीवरची काच

आमच्या घरची माणसं विहारात जाणारी. चर्चची पायरी मी चढले ती नोकरीपायी. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नगरपालिकेत अभियंता होते. जुन्या चर्चच्या कमानीला तडा गेलाय, इमारत धोकादायक आहे का ते लिहून द्या, असा कागद टेबलावर आला. धोकादायक ठरली की पाडून स्लॅबची बांधायची, हे चर्चच्या कमिटीनं ठरवूनच टाकलं होतं.

चर्चची राखण करणाऱ्या काकांनी दार उघडलं. आत सगळे सतरंजीवर बसतात, म्हणून चपला बाहेर काढायला लावल्या. मी वर पाहिलं आणि पाहतच राहिले. निजामाच्या काळातलं काम. दोन हात जाड चुन्याच्या भिंती, छप्पर तोलणाऱ्या सागवानी कैच्या, आणि कमानी थेट गावातल्या मशिदीसारख्या टोकदार. गवंडी तेच असणार. देवाचं घर म्हटलं की त्यांच्या हाताला हीच कमान ठाऊक. माझं स्वतःचं स्लॅबचं घर दर पावसाळ्यात गळतं, हे इथं कबूल करते.

तड्यावर मी काचेची पट्टी आडवी बसवली. तडा रुंदावला तर काच फुटते. साधी, जुनी परीक्षा. काका शिडी धरून उभे होते.

मे महिन्यात काच फुटली. मला फार वाईट वाटलं, तरी ‘धोकादायक’ असा अहवाल लिहिला. सही तेवढी राहिली. काकांना सांगायला गेले. नाताळाआधी त्यांच्या लेकीचं लग्न तिथंच लागायचं होतं. त्यांचं आणि त्यांच्या वडिलांचंही त्याच कमानीखाली लागलेलं. ते हातापाया पडतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, “काळी माती हाय मॅडम. उन्हाळ्यात फाटती, पावसाळ्यात मिटती. दिवाळीपस्तोर थांबा की.”

शिकलेली मी, आणि माती त्यांनी शिकवावी? राग आला, खरं सांगते. पण बोलणं खोटं नव्हतं. प्रार्थना बाहेर लिंबाखाली घ्यायला सांगितली, चर्चला कुलूप लावलं आणि साहेबांची बोलणी खात थांबले.

दिवाळीनंतर गेले, तर तडा मिटलेला. त्यात नख जाईना. तो वर कुठवर गेला होता ते पाहावं म्हणून चुन्याचे पापुद्रे खरवडले. वीतभर वर आणखी एक काच निघाली. जुनी, हिरवट, मधोमध फुटलेली. माझ्याआधी कुणीतरी याच जागी शिडीवर उभं राहून घाबरलं होतं, आणि थांबलं होतं. मला रडू आलं.

पहिला अहवाल फाडला. इमारत वापरात ठेवावी, पायाशी पाणी साचू देऊ नये, तडा दर वर्षी तपासावा, असं लिहून सही केली.

लग्नाआधी काका भिंतींना चुना द्यायला लागले, तेव्हा मी बजावलं, माझी काच तेवढी काढू नका.

कुंचला न थांबवता ते शिडीवरून म्हणाले, “आधीच्या सायबाची तरी कुठं काढली?”